‘चित्रं रविवारी काढ’ हे गणित जुळत नाही

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट समजलाय की नाही ते तुम्हालाही कळेल. मुलगी बारावी कॉमर्स, ८८ टक्के, अकाउंट्समध्ये ९४. सीए फाउंडेशनचा फॉर्म भरून झालाय. आणि आता ती म्हणते, फाइन आर्ट्सची प्रवेश परीक्षा द्यायची, पेंटिंग करायचं. मिस्टर बडोद्याच्या मकरपुऱ्यात कंपनीत, निवृत्तीला नऊ वर्षं. धाकटा आठवीत. दीर म्हणतात, ‘सीए कर, चित्रं काय, रविवारी काढ.’ आणि शेवटी तुम्ही विचारलंय की आवड महत्त्वाची की सुरक्षितता.

मी सीए आहे. रावपुऱ्यात सत्तावीस वर्षं ऑफिस चालवतोय. क्लायंट बहुतेक छोटे कारखानदार आणि दुकानदार, पण बडोदं असल्यामुळे दहा-बारा शिल्पकार, चित्रकार, डिझायनरही माझ्याकडे रिटर्न भरायला येतात. त्यामुळे दोन्ही बाजूंची पासबुकं मी बघतो, आणि जे सांगतोय ते त्या पासबुकांवरून. चित्र चांगलं की वाईट, ते मला कळत नाही.

पासबुकात ‘आवड’ आणि ‘सुरक्षितता’ असे दोन रकाने नसतात हो. तिथे एवढंच दिसतं, की महिन्याच्या पाच तारखेला पैसे कुठून आले. आणि माणसाकडे पाहून दुसरी गोष्ट कळते, की ते पैसे आणणारं काम संपल्यावर त्याच्या हातात दिवसाचे किती तास उरतात. तुमच्या मुलीचा खरा प्रश्न हा दुसरा आहे. दिरांचा सल्ला नेमका तिथेच फसतो.

बडोद्याचंच बघा. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० साली सुरू झाली. पेंटिंग विभागाचे पहिले प्रमुख नारायण श्रीधर बेंद्रे, आपले इंदूरचे. पुढे के. जी. सुब्रमण्यन, ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख, नसरीन मोहमदी. ज्या नावांमुळे जग बडोद्याला ओळखतं, ती सगळी माणसं याच फॅकल्टीत शिकवत होती. म्हणजे दर महिन्याला पगार होता! त्यांच्या घरचं दुधाचं बिल फक्त चित्रांच्या विक्रीवर भागत नव्हतं. हे मी त्यांना कमी लेखायला सांगत नाही, उलट सांगतोय. त्यांनी आवड आणि पोट यांत निवड केली असं म्हणणंच चूक आहे. त्यांना असं पोटाचं काम मिळालं, जे स्टुडिओच्या आवारातच होतं. आज तशा कायमच्या जागा किती निघतात ते तुम्हीच फॅकल्टीत जाऊन विचारा, पण त्या भरवशावर चार वर्षांचा बेत आखू नका.

आणि भूपेन खख्खर. मी सीए आहे म्हटल्यावर प्रत्येक पालक मला भूपेनभाईंचं उदाहरण देतो, म्हणून आधीच उत्तर देऊन टाकतो. होय, ते सीए होते. मुंबईचे. १९६२ मध्ये बडोद्याला आले, फाइन आर्ट्समध्ये कला-समीक्षा शिकले, आणि पुढे कित्येक वर्षं इथल्या एका इंजिनीअरिंग कंपनीत अर्धवेळ हिशेब सांभाळून चित्रं काढत राहिले. १९८४ ला पद्मश्री. २००३ ला गेले, आणि २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. पालक या गोष्टीतून ‘आधी सीए, मग चित्र’ एवढंच उचलतात. मला त्यातला ‘अर्धवेळ’ हा शब्द मोठा दिसतो. त्यांना कॅनव्हाससमोर उभं केलं ते सीएच्या सर्टिफिकेटनं नाही, रिकाम्या राहिलेल्या अर्ध्या दिवसानं.

आता सीएच्या सुरक्षिततेबद्दल, कारण त्यावर बोलायचा मला थोडा हक्क आहे. सीए झालेल्याला काम मिळतं, हे खरं. पण तुमची मुलगी सीए झालेली नाही, ती सीएला बसणार आहे. जून २०२४ च्या फाउंडेशनला जेवढे बसले त्यातले १४.९६ टक्के पास झाले. शंभरातले पंधरा, तेही पहिल्याच पायरीवर. पुढे इंटरमिजिएट, दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे एखाद्या सीएच्या हाताखाली उमेदवारी, मग फायनल. मनापासून बसणारी पोरंसुद्धा दोन-तीन अटेम्प्ट देतात. जिचं मन दुसरीकडे आहे तिला आपण ‘सुरक्षित’ म्हणून या रांगेत उभं करतो, आणि पाच वर्षांनी तिच्या हातात ना सीए, ना चित्र. असं झालेली मुलं मी माझ्याच ऑफिसात पाहिली आहेत.

त्यातल्या एकाचं सांगतो. आर्टिकल म्हणून माझ्याकडे होता. वाघोडियाच्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात स्टॉक मोजायला पाठवला. संध्याकाळी वर्किंग पेपर घेऊन आला. प्रत्येक आयटमच्या पुढे, संख्येच्या शेजारी, त्या व्हॉल्व्हचं छोटं चित्र, पेन्सिलनं, सावली वगैरे टाकून. फ्लँजला भोकं किती, तीसुद्धा बरोबर. संख्या मात्र तीन ठिकाणी चुकलेली. मी ओरडलो, आणि ते पान ठेवून दिलं, अजून आहे. तो इंटरच्या दुसऱ्या ग्रुपला तीनदा अडकला, मग सोडून अप्लाइड आर्ट्सला गेला, वर्गातल्या पोरांपेक्षा पाच वर्षांनी मोठा. आज औषध कंपन्यांच्या खोक्यांची डिझाइनं करतो. गोळीचं नाव, डोस, बारकोड, सगळं त्या बोटभर जागेत बसवतो. बरं चाललंय त्याचं. पण त्या पाच वर्षांबद्दल तो आजही वडिलांशी धड बोलत नाही.

‘रविवारी काढ’ हे मला माझ्या घरूनही सांगितलं होतं. फक्त चित्राच्या जागी तबला होता. सूरसागरसमोरच्या संगीत महाविद्यालयात संध्याकाळी शिकायला जायचो. आर्टिकलशिपला नियमाप्रमाणे आठवड्याला पस्तीस तास, वर क्लास, वर अभ्यास. पहिले तीन महिने रविवारी बसलो. मग मार्च आला, बँक ऑडिट आलं, आणि तीन आठवडे तबल्याला हात लागला नाही. तीन आठवड्यांत बोटं विसरतात, ताई. चौथ्या रविवारी बसलो तर ‘तिरकिट’ असं निघालं की मीच खोळ घालून ठेवली. ती उघडली चाळिशीत. तेव्हा लय परत आली, हात नाही आला. मला माझ्या व्यवसायाबद्दल तक्रार नाही. ट्रायल बॅलन्स जुळला की आजही मला चहा गोड लागतो. पण रविवारी आवड जोपासता येते, हुनर रविवारी येत नाही. कौशल्य अंगात मुरलं की मग ते रविवारवर तगू शकतं. आधी मुरवायला सलग वर्षं लागतात, आणि ती अठराव्या वर्षी मिळतात तशी नंतर मिळत नाहीत.

म्हणजे मी म्हणतोय फाइन आर्ट्स करा? थांबा, दुसरं पासबुक दाखवतो.

माझा एक शिल्पकार क्लायंट आहे, ब्राँझमध्ये काम करतो. दर जुलैत शर्टाचं एक रिकामं खोकं घेऊन येतो, त्यावर प्लास्टरची भुकटी. ‘बधुं एमां ज छे, साहेब.’ म्हणजे, सगळं यातच आहे. उघडलं की फाउंड्रीच्या पावत्या, मेणाची बिलं, टेम्पोभाड्याच्या चिठ्ठ्या. एका वर्षी एप्रिल ते डिसेंबर जमेच्या बाजूला त्याच्या शिल्पांचा एक नवा पैसाही नाही. जानेवारीत एकदम एक मोठी रक्कम. गॅलरीनं आपला हिस्सा आधी काढून घेतलेला, आणि तो हिस्सा कित्येकदा निम्मा असतो, हे लोकांना माहीत नसतं. राहिलेल्या रकमेतून ओतकामाची उधारी, मग मेव्हण्याची उधारी. मी विचारलं, उरलं किती? म्हणाला, पुढच्या मूर्तीचं मेण. मग त्या नऊ महिन्यांत घर कसं चाललं? नवरात्रात गरब्याच्या मैदानांचे फायबरचे दरवाजे, एका शोरूमसाठी अक्षरं, गणपतीच्या आधी दोन महिने साच्यांचं काम. त्याच्या शिल्पांनी त्याला नाव दिलं. घर चाललं ते साच्यांवर.

हा माणूस दुःखी नाही, आणि गरीबही नाही. पण त्याचे पैसे पावसासारखे येतात, आणि तुमच्या घरात ते नळासारखे यायची सवय आहे. पगारदार घरातल्या मुलांना कलेत सगळ्यात जास्त हाच फरक सोसत नाही. वर्षाची एकूण मिळकत बरी दिसते, पण सलग सात महिने काहीच नाही म्हटल्यावर माणूस घाबरतो आणि मिळेल ती नोकरी धरतो.

म्हणून आपण भीतीचा आकडा काढू. समजा मुलगी घरीच राहते, जेवणखाण घरचं. रंग, कॅनव्हास, पेट्रोल, मोबाइल, मैत्रिणींबरोबर भाड्यानं घेतलेल्या स्टुडिओचा वाटा, असं धरून महिना १५ हजार. पदवीनंतर पहिली तीन वर्षं तिनं काहीच कमावलं नाही असं अगदी वाईट धरू. १५ हजार गुणिले ३६, म्हणजे ५ लाख ४० हजार. ‘कलेत काही खरं नाही’ या वाक्याची तुमच्या घरापुरती किंमत एवढी आहे. चार वर्षं शिक्षणाची आणि तीन नंतरची मिळून ८४ महिने. आजपासून महिन्याला साधारण ६,४०० रुपये बाजूला पडले तर व्याज न धरताही तेवढे जमतात. शिक्षण चालू असतानाचा खर्च वेगळा, तो यात नाही. पडतील की नाही ते तुमचं घर, तुम्हाला ठाऊक. एक आगाऊपणा करतो. बऱ्याच घरांत हे पैसे असतातच, फक्त त्या पाकिटावर ‘लग्न’ लिहिलेलं असतं.

इथे माझं उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि तुम्ही जे लिहिलं नाहीत त्यावर जास्त. घराचं कर्ज किती उरलंय? कंपनीबाहेरचा आरोग्य विमा आहे का? मिस्टरांची कंपनी नऊ वर्षं टिकेल अशी आहे का? सासू-सासऱ्यांचं आजारपण तुमच्याकडे आहे का? यातल्या दोन प्रश्नांचं उत्तर वाईट असेल तर धाकटा कमावता होईपर्यंत घराला दुसरा पगार लागणार, आणि तो बहुधा तिलाच आणावा लागेल. तसं असेल तर तिला ते स्पष्ट सांगा. ‘तुझ्या भल्यासाठी’ असं म्हणू नका, ‘घराला गरज आहे’ असं म्हणा. मुलं गरज समजून घेतात. भल्याचं नाव घेतलं की त्यांना फसवल्यासारखं वाटतं.

एका बाबतीत मात्र मी परिस्थितीवर काही सोडत नाही. विद्यापीठात नंबर लागला नाही म्हणून महागड्या खासगी कॉलेजात कर्ज काढून पेंटिंग शिकवू नका. बँका ४ लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय देतात, ७.५ लाखांपर्यंत सरकारी हमी योजनेतून, त्यामुळे सोपं वाटतं. अभ्यासक्रम अधिक एक वर्ष हप्ता नसतो, तेही गोड वाटतं. पण १० लाख, १० टक्के, १० वर्षं असा हिशेब केला तर हप्ता १३,२०० च्या वर जातो. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी दर महिन्याला १३ हजार भरायचे असतील तर ती मुलगी चित्रकार राहत नाही, रिकव्हरीच्या फोनला घाबरणारी नोकरदार होते. आणि मग सीए काय वाईट होतं? नंबर नाही लागला तर बीकॉमला घाला, वर्षभर हात तयार करू दे, पुन्हा परीक्षा देऊ दे.

आता माझा खरा सल्ला, जो या व्यवसायात असल्यामुळेच देऊ शकतो. आधारासाठी सीए ही फार मोठी काठी आहे. ती धरायलाच दोन्ही हात लागतात. तिला छोटी काठी पुरेल, आणि अकाउंट्समधल्या ९४ मार्कांत ती अर्धी आहेच. मकरपुऱ्यातले, वाघोडियातले छोटे कारखाने आजही अर्ध्या दिवसाचा अकाउंटंट ठेवतात. त्यासाठी सीए व्हावं लागत नाही. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर नीट येणं, बँकेचं स्टेटमेंट वहीशी जुळवता येणं आणि जीएसटीची रिटर्नं वेळेवर भरणं, एवढं लागतं. मासिक रिटर्न भरणाऱ्याची जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीची रिटर्न, अकरा तारखेला, आणि कर भरायची ३बी वीस तारखेला. म्हणजे महिन्यातले दहा-बारा दिवस धावपळ आणि बाकीचे बरेचसे मोकळे. दोन-तीन छोटे क्लायंट धरले की वर जो १५ हजारांचा आकडा काढला, त्यातला मोठा भाग ती स्वतः उचलू शकते. उन्हाळ्याच्या दोन सुट्ट्यांत हे काम शिकून होतं. माझ्याकडे दोन मुली असं करतात, एक नृत्य शिकते, दुसरी स्पर्धा परीक्षांना बसते. एकविसाव्या तारखेला ऑफिसात त्या दिसत नाहीत, आणि मी विचारत नाही.

आणि सीएचं दार बंद होईल ही भीती दिरांना असेल तर त्यांना हे दाखवा. सीएला वयाची वरची मर्यादा नाही. कॉमर्स सोडून दुसऱ्या कुठल्याही शाखेच्या पदवीला ६० टक्के असले तर फाउंडेशन न देता थेट इंटरमिजिएटला नोंदणी होते, कॉमर्सवाल्यांना ५५ पुरतात. म्हणजे चार वर्षं पेंटिंग करून ६० टक्के मिळवले तर ती बाविसाव्या वर्षी परत या रांगेत येऊ शकते, तेही एक पायरी वर. किंमत एवढीच की सव्वीस-सत्ताविसाव्या वर्षी सीए होईल, मैत्रिणींपेक्षा साडेतीन-चार वर्षं उशिरा. उलट दिशेनं एवढं सोपं नाही. सीए होऊन, पगाराची सवय लागून, तिशीत पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर ड्रॉइंग बोर्ड घेऊन बसणारे मी फार पाहिले नाहीत. अर्थात पेंटिंग करून इंटरला परतलेलेही कमीच पाहिले. दार उघडं आहे एवढंच सांगतोय, ती त्यातून येईल असं नाही.

राहिली तिची आवड. ती खरी आहे का, हे तुम्हाला सुंदर चित्र बघून कळणार नाही. त्यातलं कंटाळवाणं काम ती कसं करते ते बघा. प्रिंटमेकिंगला, म्हणजे छापचित्रांना, लिथोचा दगड घासावा लागतो; त्याच दगडावर चित्र काढून छाप घेतात. दगडावर पाणी, कार्बोरंडमची पूड, वर दुसरा दगड, आणि गोल गोल फिरवत राहायचं, आधीच्याचं चित्र पूर्ण जाईपर्यंत. हात भरून येतात, कपडे राखाडी होतात. एका प्रिंटमेकर क्लायंटच्या स्टुडिओत मी हे तासभर पाहिलंय. तो घासताना गुणगुणत होता. माझ्याकडे व्हाउचिंग करताना, म्हणजे एकेक पावती नोंदीशी ताडून बघताना, कोणी गुणगुणलं तर मी समजतो की हा टिकणार. तुमची मुलगी कॅनव्हास स्वतः ताणते का? एकच हात पन्नास वेळा काढते का, की प्रत्येक वेळी नवं चित्र सुरू करते? चित्रकलेत जायचंय की फक्त सीएतून सुटायचंय, हे तिथे दिसतं. फक्त सुटायचं असेल तर त्याला दुसरे शंभर रस्ते आहेत.

चित्र आवडतं पण चित्रकाराचं आयुष्य आवडत नाही, असंही होतं. दांडिया बाजारातली एक मुलगी पेंटिंगची पदवी घेऊन वर्षभर स्टुडिओत एकटी बसली आणि उबगली. आता फ्रेमिंगचं वर्कशॉप चालवते. चार कारागीर, दिवसभर माणसांची ये-जा. शिक्षण वाया गेलं का? तिला विचारा, कुठल्या चित्राला कुठली पट्टी लागते हे ती कशी सांगते.

तेव्हा या महिन्यात एवढं करा. फाइन आर्ट्सची परीक्षा तिला देऊ द्या, परीक्षा दिल्यानं काही बिघडत नाही. फाउंडेशनचा फॉर्म भरलाय, त्याचे पैसे गेले म्हणून ती परीक्षा देण्यासाठी तिला रेटू नका. मिस्टरांबरोबर बसून ५ लाख ४० हजारांच्या जागी तुमच्या घरचा खरा आकडा लिहा, आणि तो कागद तिला दाखवा. लपवू नका. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला घरचं गणित कळतं, अकाउंट्समध्ये ९४ असलेल्या मुलीला तर नक्कीच.

आणि परीक्षा झाल्यावर तिला आठ दिवस माझ्यासारख्या कुणाच्या ऑफिसात बसवा, सहा ते तेरा तारखेच्या दरम्यान, म्हणजे अकरा तारखेची गडबड तिला दिसेल. स्केचबुक बरोबर न्यायला सांगा. आठ दिवसांनी ते स्केचबुक आणि तिनं जुळवलेलं बँक स्टेटमेंट, दोन्ही बघा.